कलम सतराचे नातेवाईक

४ मार्च

ती. मामा,

नमस्कार. फोन केला तर "बोलण्यात स्वल्पविराम दिसत नाहीत, पत्र लिही" असं म्हणून तुम्ही तो ठेवून द्याल, म्हणून थेट पत्रच लिहिते आहे.

जानेवारीत मी गाडी घेतली, ती तुम्हाला ठाऊक आहे. दोन माणसांची, लिंबाच्या रंगाची, म्हणून नाव लिंबू. तिचं छायाचित्र पाठवलं तेव्हा "नंबरप्लेट सरळ बसवलेली दिसते" एवढाच तुमचा अभिप्राय आला होता. मी मात्र तिच्या प्रेमात होते. दुकानात दुरुस्तीला येणारी भिंतीवरची घड्याळं शेजारच्या सीटवर पट्टा लावून गुपचूप बसायची आणि आम्ही ऐटीत गावभर फिरायचो.

आता ऐका. संग्रहालयाचं पत्र आलं आहे. त्यांच्याकडे उंच लंबकाची, जमिनीवर उभी राहणारी चाळीस घड्याळं आहेत. सगळी माणसापेक्षा उंच आणि सगळी बंद. ती एकेक करून माझ्या दुकानात आणायची आणि चालती करून परत पोचवायची. तीन वर्षांचं काम आहे. मामा, शाळेच्या सहलीत मी त्याच चाळीस घड्याळांसमोर उभी राहिले होते आणि बाई हाका मारत होत्या तरी हलले नव्हते. मी घड्याळजी झाले ती तिथे.

त्यांची अट एकच आहे. एक जूनला पाहणी आहे. त्या दिवशी माझ्या स्वतःच्या नावावरची बंदिस्त व्हॅन दारात उभी हवी आणि तिच्यात घड्याळं धरून ठेवणाऱ्या लाकडी खाचा पक्क्या ठोकलेल्या हव्यात. भाड्याची चालणार नाही, कारण भाड्याच्या गाडीत कोणी खिळा मारू देत नाही. उंच घड्याळ उभं मावेल अशी व्हॅन एकच कंपनी बनवते, आणि ती नेमकी लिंबाचीच कंपनी. आमच्या इमारतीत एका घराला गाडीची एकच जागा आहे. म्हणजे लिंबू गेल्याशिवाय व्हॅन येत नाही.

मी शोरूममध्ये गेले. तिथल्या गोड बोलणाऱ्या गृहस्थांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दात काढायला घड्याळजीकडे आले आहे. म्हणाले, "मॅडम, कलम सतरा." खरेदी करारात लिहिलं आहे म्हणे की पहिलं वर्षभर गाडी कोणालाही विकायची नाही, द्यायची नाही. दिली तर कंपनी गाडी परत घेणार आणि मला पुन्हा कधीच कोणतंही वाहन विकणार नाही. म्हणजे व्हॅनही नाही. गाडी तुम्हीच परत घ्या म्हटलं, तर त्याचा अर्जही वर्षानंतरच करता येतो.

कराराची प्रत सोबत जोडली आहे. कलम सतराचं पहिलं वाक्य मला एका श्वासात वाचता आलं नाही, दोन वेळा पाणी प्यावं लागलं. तुम्ही चाळीस वर्षं करारांचे मसुदे लिहिलेत. काय ते समजावून सांगा.

तुमची,
चिमटी

*

९ मार्च

प्रिय चिमटीस,

आशीर्वाद. मामी बरी आहे, मीही बरा आहे. आता मुद्द्याकडे वळू.

कलम सतरा मी वाचले. प्रथम वाचले, मग उभे राहून वाचले. चिमटे, तुला कल्पना नाही की तुझ्या हाती काय पडले आहे!

आधी अशा कलमाचे प्रयोजन पाहू. एखादी गाडी थोडीच बनते आणि ती हवी असणारे पुष्कळ असतात. अशा वेळी काही चतुर लोक रांगेत पुढे उभे राहून गाडी घेतात आणि रांगेतल्या शेवटच्या उतावळ्या माणसाला ती दुसऱ्याच दिवशी विकतात. हे रोखण्यासाठी कंपनी खरेदीदाराकडून वचन घेते की गाडी तो स्वतःच वापरील. हेतू चांगला आहे. प्रश्न उरतो तो मांडणीचा, आणि इथेच या अज्ञात मसुदाकाराची प्रतिभा दिसते.

पहिले पोटकलम पाहा. 'विक्री' म्हणून तो थांबलेला नाही. विक्री, भेट, अदलाबदल, पैजेत हरणे, आणि (इथे मी चष्मा पुसला) 'हेतुपुरस्सर विसरून जाणे'. म्हणजे कोणी गाडी चावीसकट रस्त्यात सोडून शीळ घालत निघून गेला, तरी तो कलमाच्या कवेतच आहे!

दुसऱ्या पोटकलमात गाडी कोणाला देता येणार नाही, ते आहे. सामान्य मसुदाकार 'कोणत्याही व्यक्तीस' असे लिहून हात झटकतो. हा निव्वळ आळस आहे. 'कोणतीही व्यक्ती' म्हणजे कोण? तिला कोणी पाहिले आहे? या गृहस्थाने एकेक नाते वेगळे, स्पष्ट, स्वल्पविरामासह लिहिले आहे. पती, पत्नी, अपत्ये आणि सासरची समस्त मंडळी ही प्रत्येक करारात छापील येतात. त्यांत विशेष नाही. पण त्यापुढची यादी म्हणजे एक भरलेले अंगण आहे.

आणि चौथे पोटकलम! ते मी इथे उतरवून काढतो, कारण ते उतरवताना हाताला बरे वाटते: 'सदर यादीत ज्याचा उल्लेख नाही, त्यास हे कलम लागू नाही, कारण असा कोणी उरतच नाही.' केवढा हा आत्मविश्वास!

सारांश, पळवाट नाही. वर्षभर गाडी ठेव. घड्याळांनी इतकी वर्षे वाट पाहिली आहे, आणखी थोडी पाहतील.

तुझा,
मामा

(पाकिटाच्या आतल्या बाजूस, पेन्सिलीने)
चिमटे, पत्रं टपालात मी टाकते, म्हणून इथे लिहिते. हे पत्र लिहिताना तुझे मामा तीनदा उठून आरशात पाहून आले. — मामी

*

२६ मार्च

ती. मामा,

घड्याळं वाट पाहतील, संग्रहालय पाहणार नाही. मी ऐकलं नाही तुमचं.

आधी आत्याला विचारलं. तिला पोहण्याच्या वर्गाला जायला छोटी गाडी हवीच होती. आम्ही दोघी शोरूममध्ये गेलो. गोड गृहस्थांनी करारावर पट्टी ठेवली आणि ओळ वाचली, "आत्या." आत्या म्हणाली, "मी आत्या नाही, हिच्या आईची मैत्रीण म्हणून घेते." पट्टी खाली सरकली. "आईची मैत्रीण." आत्या म्हणाली, "मग मी हिला ओळखतच नाही!" पट्टी अगदी तळाशी गेली. "मागून जाणारी अपरिचित व्यक्ती, सायकलसह."

मी म्हटलं, "सायकलसह?"

ते म्हणाले, "सायकल असो वा नसो, असा आम्ही अर्थ घेतो, मॅडम."

मग मी यादी नीट पाहिली. मामा, तुम्ही ती खरंच वाचलीत का? 'थोरले काका, पायास प्लॅस्टर असल्यास त्यासह.' 'आत्याचे यजमान, डोळे मिटलेले असोत वा उघडे.' 'शेजाऱ्यांचे तपकिरी श्वान.' गाडी कुत्र्याला देऊ नये असा करार कोणत्या शहाण्याने लिहिला? कुत्रा सही करणार आहे का?

मग मी ते 'हेतुपुरस्सर विसरणं' करून पाहिलं. तुम्हीच सुचवलंत. वाचनालयासमोर लिंबू उभं केलं, चावी आत ठेवली आणि शीळसुद्धा घातली. चोरीला गेली तर मी काय करणार? दुसऱ्या दिवशी गेले तर गाडी होती तिथेच, काचेवर चिठ्ठी: "चावी विसरलात. मागच्या टायरमध्ये हवा कमी होती, भरून आणली." तिसऱ्या दिवशी कोणीतरी धुतलेली होती. चौथ्या दिवशी एका हवालदारांनी ती माझ्या दारात आणून उभी केली आणि मला विसरभोळेपणावर व्याख्यान दिलं. चोर नाहीत या गावात, नुसते सद्गृहस्थ भरले आहेत!

हे कलम लिहिणारा माणूस डोळ्यांसमोर येतो माझ्या. तो जेवताना ताटातले वाटाणे मोजत असणार. रुमालाच्या आठ घड्या घालत असणार. आणि त्याच्या बायकोने काही मागितलं तर "मुद्देसूद लिहून दे" म्हणत असणार.

दोन महिने उरलेत. काहीतरी सुचवा.

चिमटी

*

२ एप्रिल

प्रिय चिमटीस,

तुझे पत्र वाचून खेद झाला. विसरण्याचा उल्लेख मी प्रशंसा म्हणून केला होता, सूचना म्हणून नव्हे.

वाटाणे मोजण्यात गैर काय आहे, हे मला समजलेले नाही. मोजल्याशिवाय संपले आहेत की नाहीत हे कळणार कसे? एका अनोळखी माणसाच्या जेवणावरून त्याच्या वाक्यरचनेचे मूल्यमापन करणे हे तुझ्यासारख्या शिकलेल्या मुलीस शोभत नाही.

श्वानाबद्दल तू विचारलेस. श्वान सही करू शकत नाही, हे बरोबर. परंतु मसुदाकार जे पाहतो ते लिहितो. त्याने श्वान पाहिले असेल, तर ते सोडून देणे हा अप्रामाणिकपणा ठरला असता. कुठे पाहिले, हा प्रश्न गौण आहे. त्यात शिरू नये.

प्लॅस्टरबद्दलही तेच.

पळवाटेच्या मागे लागून तू वेळ दवडते आहेस. मी पुन्हा तपासले; ती नाही. त्यापेक्षा संग्रहालयाला मुदतवाढीचा विनंतीअर्ज कर. मी त्याचा कच्चा मसुदा अकरा परिच्छेदांत तयार करून सोबत ठेवला आहे. सातव्या परिच्छेदात घड्याळाच्या स्वभावाविषयी थोडे चिंतन आहे. ते तुला आवडेल.

तुझा,
मामा

(पाकिटाच्या आतल्या बाजूस, पेन्सिलीने)
मोजतात. काल एकतीस होते. जास्त सांगत नाही, शब्द दिला आहे. पण ती यादी मोठ्याने वाच, आणि वाचताना तुझ्या कामाच्या टेबलावरच्या भिंतीकडे बघ. डावीकडून उजवीकडे. — मामी

*

२३ एप्रिल

ती. मामा,

मुदतवाढ मिळाली नाही. सातवा परिच्छेद वाचून संग्रहालयाचे प्रमुख गहिवरले, एवढंच. तारीख एक जूनच राहिली.

पत्राला उशीर झाला, कारण ते पाकीट मी नेहमीसारखं उघडून बाजूला टाकलं होतं. काल स्प्रिंगा ठेवायला ते घेतलं आणि मामींची पेन्सिल दिसली.

माझ्या टेबलावरच्या भिंतीवर एकच गोष्ट आहे. आईबाबांच्या लग्नाला दहा वर्षं झाली तेव्हा बागेत काढलेला सगळ्यांचा फोटो. मी सहा वर्षांची, मधोमध, हातात चिमटा. त्याच सकाळी मी आजोबांचं मनगटी घड्याळ उघडलं होतं आणि त्या दिवसापासून माझं नाव पडलं.

एक बोट करारावर ठेवलं, एक फोटोवर. "आजी." आजी. "आजोबा." आजोबा, रिकाम्या मनगटाने. "थोरले काका, पायास प्लॅस्टर असल्यास त्यासह." काका शिडीवरून पडले होते ना तेव्हा! "काकू, आत्या." मग "आत्याचे यजमान, डोळे मिटलेले असोत वा उघडे", आणि आहेतच मिटलेले, प्रत्येक फोटोत असतात. आई, बाबा, मावशी, मामी. आईची मैत्रीण. बाबांचे ऑफिसातले सहकारी. शेजारी. शेजाऱ्यांचा तपकिरी कुत्रा. आणि कुंपणापलीकडून जाणारा तो सायकलवाला, ज्याला आजतागायत कोणी ओळखलेलं नाही.

मामा, तो तुम्हीच!

दीड महिना तुम्ही मला तुमचंच कौतुक टपालाने पाठवत होतात! "केवढा हा आत्मविश्वास!" चष्मा काय पुसलात! आणि मी तुमच्या कलमाच्या पायी हवालदाराचं व्याख्यान ऐकलं.

मी रागावले आहे. खरंच रागावले आहे. मध्ये मध्ये हसू येतं, ते धरू नका.

चिमटी

*

२९ एप्रिल

प्रिय चिमटे,

हे मी स्वतंत्र पाकिटात लिहिते आहे, पहिल्यांदाच.

तुझं पत्र आल्यापासून यांना काहीही विचारलं तर म्हणतात, "विचाराधीन आहे." कपाटातून त्या फोटोची आपली प्रत काढली आहे आणि भिंग घेऊन बसले आहेत. जेवायला बसतात, पण वाटाणे न मोजता खाल्ले, म्हणजे बघ.

रागावू नकोस म्हणणार नाही. तू रागावलेलंच बरं. कोणीतरी यांच्यावर मुद्द्याशिवाय रागवायला हवं होतं. मी तीस वर्षं गाडी घेऊ म्हणते आहे. यांनी गाडी का नको याचे अठरा मुद्दे टाईप करून फ्रिजवर लावले आहेत. दर वर्षी कागद पिवळा पडला की नवीन प्रत लावतात.

तुला एक सांगते, तुझ्यापाशीच ठेव. मी गाडी चालवायला शिकले आहे. परवानाही आहे. यांना वाटतं मी मंगळवारी विणकामाला जाते. दोन वर्षांत एक मोजासुद्धा विणून झालेला नाही, तरी या एवढ्या बारकाईने बघणाऱ्या माणसाला शंका आलेली नाही.

मामी

*

३ मे

प्रिय चिमटीस,

होय. कलम सतरा मी लिहिले.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी कंपनीने ते काम घरी पाठवले. मी त्यापूर्वी पाण्याच्या पंपांच्या हमीपत्रांत आणि तरणतलावांच्या नियमांत आयुष्य घालवले होते. 'पोटात दुखत असल्यास पाण्यात उतरू नये' हे माझे सर्वांत गाजलेले वाक्य. त्यामुळे हे काम आले तेव्हा मी ठरवले की एकदा तरी असे काही लिहायचे, ज्यात कुठूनही वारा शिरणार नाही.

'कोणत्याही व्यक्तीस' असे लिहिणे मला जमेना. माणसे डोळ्यांसमोर असल्याशिवाय मला लिहिता येत नाही. म्हणून मी तो फोटो समोर ठेवला. पण नाती मोजायची तर ती कोणापासून तरी मोजावी लागतात. एकाची आत्या ती दुसऱ्याची बहीण असते. मी फोटोत खरेदीदार शोधू लागलो. मधोमध तू होतीस, हातात चिमटा घेऊन, सगळ्यांच्या पुढे. मी तुला खरेदीदार धरले. त्या कलमातले प्रत्येक नाते तुझ्यापासून मोजलेले आहे, चिमटे. तीन आठवडे मी रोज सकाळी तुझ्या शेजारी एकेकाला आणून उभे करत होतो. त्या कलमात एक दिवस तूच अडकशील, हे माझ्या ध्यानात आले नाही.

मार्चमध्ये तुझे पत्र आले तेव्हाच सांगायला हवे होते. परंतु माझ्या कामाविषयी इतक्या तपशिलाने मला यापूर्वी कोणीच पत्र पाठवले नव्हते. शिव्याही तू फार बारकाईने दिल्यास. मला त्या मोहातून बाहेर पडता आले नाही. क्षमा असावी.

हे दहा दिवस मी तुझ्यासाठी पळवाट शोधली. भिंग लावून तीनदा मोजले. तेवीस माणसे आणि एक श्वान. प्रत्येकावर कलमात खूण केली. एकही सुटलेले नाही. खरे सांगायचे तर तिसऱ्या मोजणीनंतर मला क्षणभर आनंद झाला, आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली.

माझ्याकडे आणखी काही मार्ग नाही.

तुझा,
मामा

*

६ मे

ती. मामा,

फोटोत सगळे आहेत, बरोबर.

फोटो काढला कोणी?

चिमटी

*

१२ मे

प्रिय चिमटीस,

मी.

हे उत्तर ८ मे रोजीच तयार होते, परंतु एका अक्षराचे पत्र पाठवणे बरे दिसले नसते. शिवाय त्यानंतर मी करार पुन्हा पहिल्यापासून वाचला.

आता काय झाले ते क्रमाने सांगतो. यादीत मामी आहे, मामा नाही. 'खरेदीदाराचा मामा' हे शब्द संपूर्ण करारात कोठेही नाहीत. मामा अपरिचितही नाही, शेजारी नाही, सहकारी नाही, आणि (मामीने इथे थोडा वेळ घेतला, पण मान्य केले) श्वानही नाही. चौथे पोटकलम म्हणते की ज्याचा उल्लेख नाही त्यास कलम लागू नाही. मी अंगणात सर्वांना नीट उभे केले, कोणाची मान सरळ केली, कोणाला पुढे सरकवले. आणि मोजताना जो उभे करत होता त्यालाच विसरलो.

माझ्यासमोर दोन पर्याय होते. गप्प बसलो असतो, तर कलम सतरा अभेद्य राहिले असते आणि एक जूनला तू लिंबासह संग्रहालयाच्या दारात उभी राहिली असतीस. कंपनी पुढल्या महिन्यात हेच कलम आपल्या सर्व वाहनांना लावणार होती. माझ्या नावाची एक छोटी पाटीही त्यांनी करायला टाकली होती, असे कानावर आले होते.

परवा सकाळी मी इस्त्रीचा सदरा घालून कंपनीत गेलो. कायदा विभागाच्या प्रमुख बाई माझ्याहून पुष्कळ लहान, पण करार वाचताना पेन्सिल कानावर ठेवतात, त्यामुळे मला विश्वास वाटला. मी म्हणालो, "कलम सतरामध्ये एक भोक आहे."

त्या म्हणाल्या, "शक्य नाही. ते आम्ही नव्या लोकांना शिकवतो."

"यादीत मामा नाही."

त्यांनी यादी वाचली. दोनदा वाचली. "खरंच नाही. कमाल आहे! आणि आपण कोण?"

"मसुदाकार."

"ते ठाऊक आहे हो. या प्रकरणात आपण कोण?"

"मामा," मी म्हणालो.

त्यांनी पेन्सिल कानावरून काढली, चष्मा काढला आणि टेबलावर डोके टेकून हसू लागल्या. मी पाणी मागवले. हसणे ओसरल्यावर त्यांनी चौथ्या पोटकलमाखाली बोट ठेवले आणि निर्णय दिला: खरेदीदाराने वाहन मामास दिल्यास कंपनीची हरकत नाही, व्हॅन देण्यासही नाही. पाटी रद्द झाली. त्यांनी तसे म्हटले नाही, पण मी समजलो.

घरी येऊन मामीला सांगितले की मला एक गाडी स्वीकारावी लागत आहे आणि माझ्या अठरा मुद्द्यांचा त्यामुळे फेरविचार करावा लागेल. तिने फ्रिजवरचा कागद काढून उलटा करून दाखवला. मागे तिच्या अक्षरात लिहिले होते: 'वाचले. अमान्य.' शेजारी गेल्या वर्षीची तारीख होती. दर वेळी नवी प्रत लावली की ती मागे हेच लिहीत असे.

शनिवारी गाडी न्यायला येतो. आमच्यापैकी कोणालाही ती चालवता येत नाही, त्यामुळे ढकलत नेण्याचा मार्ग तेवढा आखून ठेव.

तुझा,
मामा

*

४ जून

ती. मामा,

मिळालं! काम मिळालं!

पाहणीला तिघे आले. व्हॅनमध्ये चढले, लाकडी खाचांवर बोटं फिरवली, एकाने तर स्वतःच खाचेत उभं राहून पाहिलं आणि मग त्याला काढायला मी आणि उरलेले दोघे असे तिघं लागलो. पहिलं घड्याळ काल दुकानात आलं. त्याच्या पोटात कोणीतरी फार वर्षांपूर्वी ठेवलेली छत्री निघाली. लंबक हलायला जागाच नव्हती बिचाऱ्याला! छत्री काढली, धूळ झाडली, चावी दिली, आणि ते टोले देऊ लागलं. अकराच्या जागी चौदा देतं, पण देतं. मी समोर उभी राहिले होते, शाळेतल्यासारखी. या वेळी हाक मारायला बाई नव्हत्या.

आता त्या शनिवारबद्दल. तुम्ही फुटपाथवर उभं राहून, निरोपाला जमलेल्या सगळ्यांसमोर, हस्तांतरणाचा दस्त वाचत होतात. सहाव्या पानावर आत्याने खुर्ची मागवली, आठव्यावर काकांनी. तुम्ही मान वर केलीत तेव्हा मामी चालकाच्या जागी बसून आरसा जुळवत होत्या. तुमचा तो चेहरा मी आयुष्यभर विसरणार नाही.

"अगं, तू तिथे काय करतेस?"

"विणकाम," मामी म्हणाल्या. "बसा. पट्टा लावा."

आणि तुम्ही माझ्या भिंतीवरच्या घड्याळांच्या जागी, तसेच ताठ, पट्टा लावून, दस्त मांडीवर धरून बसलात. कोपऱ्यावर लिंबू वळलं तेव्हा खिडकीतून तुमचा आवाज आला, "नववे पान राहिले!"

निघण्यापूर्वी काढलेला फोटो सोबत पाठवते. मागे त्याच सकाळी आलेली व्हॅन, पुढे लिंबू, आणि सगळे. काकांचा पाय आता बरा आहे. आत्याच्या यजमानांचे डोळे मिटलेलेच आहेत. या वेळी तुम्ही मधोमध आहात. मी मुद्दाम तुम्हाला तिथे उभं केलं.

तुमची,
चिमटी

*

२० जून

प्रिय चिमटीस,

तुझ्या यशाने मला किती आनंद झाला, हे मी वेगळ्या पत्रात, सविस्तर कळवीन. चौदा टोल्यांची काळजी करू नकोस; तीन कमी करणे हे तीन वाढवण्यापेक्षा सोपे असते.

हे पत्र एका बातमीसाठी. कायदा विभागाच्या बाईंचा फोन आला होता (मी तो ठेवून दिला, मग त्यांनी पत्र पाठवले). कलम सतराची दुरुस्ती मीच करावी, अशी त्यांची इच्छा होती. जुन्या यादीत 'मामा' घुसवून काम भागले असते; पण ठिगळ ते ठिगळच दिसते. मी जुना फोटो बाजूला ठेवला, तुझा नवा फोटो समोर ठेवला आणि संपूर्ण यादी पहिल्यापासून, एकेका माणसावर बोट ठेवून, नव्याने लिहिली.

आता मामा आहे. मधोमध आहे, दस्तासह. काका प्लॅस्टरविना आहेत. श्वान वारले, त्यांच्या जागी मांजर आहे. खाचेत अडकलेला पाहणी अधिकारी फोटोत नाही, तरीही घेतला आहे, कारण तुझ्या पत्रात तो मला स्पष्ट दिसला आणि तुला तो आता ओळखतो. भिंगाने पाच वेळा मोजले. सव्वीस माणसे, एक मांजर. बाईंनी यादी वाचली, पेन्सिल कानावर परत ठेवली आणि मंजूर केली. कालपासून ती लागू झाली. तुझ्या व्हॅनच्या करारालाही तीच यादी जोडण्यात येईल.

मी आता पूर्ण खात्रीने लिहितो की या खेपेस कोणीही सुटलेले नाही.

गाडी बरी आहे. आम्ही रोज फिरायला जातो. मी नकाशा धरतो.

तुझा,
मामा

(पाकिटाच्या आतल्या बाजूस, पेन्सिलीने)
चिमटे, त्या शनिवारी सगळ्यांना नीट उभं करून फोटो मी काढला होता. यांना अजून सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. वर्षाच्या आत व्हॅन नकोशी झालीच, तर मी आहे. मंगळवारपासून मोठ्या गाड्यांचं विणकाम लावलं आहे. — मामी